न फिटलेली सावड

फेब्रुवारी २०११ मध्ये जनगणनेच्या कामावर प्रगणक म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा मी मोहोळ तालुक्यातल्या एका शाळेत शिकवत होते. ९ ते २८ फेब्रुवारी असे ते वीस दिवस होते आणि सोलापूर जिल्ह्यात ते नेमके शाळूच्या काढणीचे दिवस असतात. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास मी दारात उभी राही, तेव्हा बहुतेक घरांत बाई नसे. ओट्यावर म्हातारी माणसे भेटत, नाहीतर तालुक्याच्या गावाला निघायच्या बेतात असलेला घरधनी भेटे. नाव, वय, शिक्षण असे करत मी 'गेल्या वर्षभरात काही काम केले का' या प्रश्नाशी आले की घरातल्या बाईपुरते उत्तर ठरलेले असे. "ती घरीच असती की, बाई. लिहा घरकाम." आणि मी तसे लिहीत असे. घरच्या शेतात मोबदल्याशिवाय राबणारी बाईही काम करणारीच धरायची, त्यासाठी खोदून विचारायचे, असे प्रशिक्षणात आम्हाला बजावले होते. पण दिवसाकाठी उरकायची घरे ठरलेली, शाळेचे तास बुडालेले आणि समोरच्या माणसाला घाई, त्यामुळे खोदण्याइतका धीर माझ्यापाशी उरत नसे. जिच्याबद्दल 'घरीच असते' असे सांगितले जात होते ती त्या क्षणी घरी नव्हती, म्हणूनच तर तिच्याविषयी दुसऱ्या कुणाला विचारण्याची वेळ आली होती, ही साधी गोष्ट त्या वीस दिवसांत मला एकदाही खटकली नाही. त्या कामाचे, पगाराखेरीज वेगळे, मानधन मात्र मला मिळाले.

त्या चुकीची आठवण आता पुन्हा होण्याचे कारण असे की, संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे, आणि पुढची जनगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये, म्हणजे पुन्हा शाळूच्याच काढणीत, व्हायची ठरली आहे. वर्ष साजरे करताना शेतकऱ्याच्या घरातल्या बाईच्या सेवाभावाचे कौतुक होईल. तिने बचत गट कसा उभा केला, गावचे पाणी कसे राखले, लसीकरणासाठी दारोदार कशी फिरली, याच्या हकिगती छापून येतील आणि त्या खऱ्याही असतील. माझे म्हणणे इतकेच आहे की, ज्या बाईला आपण कागदोपत्री शेतकरी मानलेले नाही तिला 'स्वयंसेविका' म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. स्वेच्छेने द्यायला आधी स्वतःच्या मालकीचे काहीतरी असावे लागते. जमीन तिची नाही, पिकाचे पैसे तिच्या खात्यावर येत नाहीत आणि तिचा वेळ हे काम म्हणून कुठे मोजलेच जात नाही. मग ती जे देते ते दान कोणाच्या खात्यातून गेले, हा प्रश्न आपण कधीतरी विचारायला हवा.

आमच्या थोरल्या जाऊबाईंचे उदाहरण घेते, कारण ते मी जवळून पाहते. साडेसात एकर कोरडवाहू आणि विहिरीखालचे एक एकर, दोन म्हशी, घरात सासूबाई. पहाटे साडेचारला उठून शेण-झाड, धार, डेअरीला दूध घालणे, दुपारपर्यंतच्या भाकरी बडवून घेणे, आणि सात वाजता रानात. दिवस मावळायला परत येऊन पुन्हा वैरण आणि धार. यातल्या कोणत्याही गोष्टीला घरात कुणी काम म्हणत नाही. ते 'आवरणे' असते. त्या बचत गटाच्या सचिव आहेत, शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत आणि जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या ज्या पाच महिलांना पाणी तपासायचे प्रशिक्षण देतात, त्या पाचांतल्या एक आहेत. मागच्या शाळूच्या दिवसांत मी गावी गेले होते. अंधार पडल्यावर पडवीतल्या दिव्याखाली पोत्यावर बसून त्या नळाचे पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात थेंब टाकत होत्या आणि उमटलेला रंग तक्त्यावरच्या रंगाशी ताडून पाहत होत्या. बोटांवर ज्वारीच्या पातीचे चरे पडलेले होते, त्यामुळे ते इवलेसे झाकण त्यांना नीट फिरवता येत नव्हते; ते त्यांनी दाताने उघडले. नंतर वहीत तारीख, वेळ, कोणाच्या नळाचे पाणी आणि काय रंग आला, हे सगळे सुवाच्य अक्षरात लिहिले. त्या दिवशी त्या सतरा तास उभ्या होत्या. त्यातले किती तास घराचे, किती रानाचे आणि किती गावाचे, हे त्यांना विचारले तर त्या हसतात.

देशपातळीवरचा हिशेब निदान घरकामापुरता झालेला आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय असे काम करणारे पुरुषच मुळात चारांत एकाच्या आसपास. या पाच तासांवर रानातले सात-आठ तास चढवले की दिवसात जे उरते, त्यातून गावासाठी वेळ काढला जातो. शहरातला निवृत्त माणूस सार्वजनिक कामाला वेळ देतो तेव्हा तो रिकाम्या वेळातून देतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. शेतकऱ्याच्या बायकोचा वेळ झोपेतून येतो.

इथे कुणी म्हणेल, गावात सगळेच काही पैशाने होत नसते, शेजारधर्म म्हणून काही असतो. अगदी बरोबर आहे. पण गावातल्या बायांचा शेजारधर्म हिशेबाला किती पक्का असतो हे म्हणणाऱ्याने पाहिलेले नसते. सोलापूरकडे अजूनही बाया सावडीने खुरपायला जातात. आज तुमच्या रानात आम्ही पाच जणी, उद्या आमच्या रानात तुम्ही. यात पैसा फिरत नाही, पण दिवस फिरतात, आणि ते फेडावे लागतात. जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागल्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीच्या रेघा असतात: कोणाकडे आपले किती दिवस निघाले, कोणाचे आपल्याकडे किती राहिले. पाऊस आला म्हणून दुपारी काम सुटले असेल तर अर्धी रेघ असते. बाळंतिणीची किंवा घरात मयत झालेल्या बाईची सावड पुढच्या हंगामावर टाकतात, माफ सहसा करत नाहीत, कारण माफी ही ज्याला मिळते त्याला खाली पाहायला लावते. नांगरटीसाठी शेजाऱ्यांनी बैल घेऊन जमायची जुनी इर्जिक याहून सैल होती. तिथे जेवण घातले की भागत असे. सावड तशी नाही, आणि सावडीच्या बायांत प्रेम नसते असेही नाही, उलट गावातली सगळ्यात टिकाऊ मैत्री मी सावडीतच पाहिलेली आहे. तेव्हा मोबदल्याचा हिशेब मांडला की सेवेचा आत्मा जातो, हे वाक्य शहरात आणि कचेरीत तयार झालेले आहे. गावच्या बाईला हिशेब आणि माया एका कॅलेंडरच्या दोन बाजूंवर ठेवता येतात.

मग ज्या कामांचा हिशेब याच कॅलेंडरवर येत नाही ती कामे कोणती आहेत, ते पाहिले पाहिजे. पाण्याच्या तपासणीचे दिवस तिथे नाहीत. गावात कसली मोहीम आली की आशाताईंबरोबर दारोदार फिरण्याचे दिवस नाहीत. शाळेच्या बैठकीसाठी मोडलेला अर्धा रोज नाही. मी स्वतः शिक्षिका असताना समितीच्या बैठकीला अशा बायांना ऐन खुरपणीत निरोप धाडलेले आहेत, कारण कायद्याने समितीत निम्म्या महिला लागतात आणि इतिवृत्तावर सह्या लागतात. त्या येत, हात धुऊन सही करत आणि पुन्हा रानात जात. त्यांचा अर्धा रोज गेला हे मला कळत होते. त्याची सावड कुणी फेडायची, हा विचार मी केला नाही.

राज्यव्यवस्थेने तर हा विचार न करण्याची पद्धतच बसवली आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमायचे ठरले, तेव्हा ती गावातच राहणारी विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित बाई असावी आणि शक्यतो २५ ते ४५ वयाची असावी, असे मार्गदर्शक सूचनांत होते. लग्न झालेली बाई गाव सोडून जाणार नाही, हा त्यामागचा हिशेब उघड आहे. तिला पगार मिळणार नाही, ती मानद स्वयंसेविका असेल आणि काम अशा बेताने आखले जाईल की तिच्या नेहमीच्या उपजीविकेच्या आड येणार नाही, असेही त्यातच म्हटले होते. ही उपजीविका म्हणजे आमच्या जिल्ह्यात घरची शेती किंवा दुसऱ्याच्या शेतावरचा रोज. प्रत्यक्षात प्रसूतीच्या कळा पेरणी बघून येत नाहीत आणि सर्वेक्षणाची अखेरची तारीख काढणी संपेपर्यंत थांबत नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला. त्याच्या आधी वर्षभरही झाले नव्हते, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले होते. पुढे २०२४ च्या सुरुवातीला त्या मुंबईत आझाद मैदानावर बसल्या, तेव्हा त्यांच्या रकमेत वाढ झाली. जिला स्वयंसेविका म्हणतात तिने संप करावा हीच मुळात शब्दाची फजिती आहे. स्वेच्छेचे काम असते तर ती न बोलता घरी बसली असती.

अंगणवाडीच्या बाबतीत हा शब्दांचा खेळ न्यायालयाने थोडा उघडा पाडला. १९७५ पासून चाललेल्या योजनेतल्या सेविका आणि मदतनीस यांना 'मानधन' मिळते, वेतन नाही, म्हणून उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा त्यांना लागू नाही, असा युक्तिवाद होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्या कायद्यापुरते मानधन हे वेतनच आहे आणि या बाया उपदानाला पात्र आहेत, असा निर्णय दिला. आपल्याकडे मानधन या शब्दात मान पुढे आणि धन मागे आहे, आणि प्रत्यक्षात दोन्ही तुटपुंजे असतात.

खरी सेवा आणि लादलेले काम यांतला फरक कसा ओळखायचा, हे मला माझ्या माहेरी कळले. माहेर वेळापूरजवळचे. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पंढरीकडे जाते, तेव्हा आसपासच्या वस्त्यांवरच्या बाया आदल्या रात्रीपासून चुली पेटत्या ठेवतात. भाकरीच्या चवडी, पिठले, शेंगाचटणी. पिठाचे डबे तळाला जातात आणि त्याबद्दल कुणाच्या तोंडून चकार शब्द निघत नाही. किती भाकरी केल्या याचा तक्ता कुणी भरून घेत नाही, फोटो कुठे चढवावा लागत नाही, कमी पडल्या म्हणून नोटीस येत नाही. ज्या वर्षी घरात सुतक असते किंवा अंगात ताप असतो, त्या वर्षी चूल पेटत नाही आणि शेजारीण म्हणते, "राहू दे, तुझ्या वाटच्या मी थापते." नाही म्हणता येते, म्हणून ती सेवा. जिथे उद्दिष्ट दुसऱ्याने ठरवलेले असते, नोंदवही दुसऱ्याच्या नमुन्यात असते, मुदत दुसऱ्याची असते आणि चुकल्यास विचारणा होते, ते काम आहे, आणि कामाला दाम असतो. या व्याख्येने पाहिले तर जाऊबाईंची पाण्याची वही काम ठरते आणि पालखीच्या भाकरी सेवा ठरतात. भाकरींना पैसे द्या असे कुणी म्हटले तर सगळ्यात आधी मीच भांडेन.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे, आणि तो मी टाळणार नाही. मोबदला आला की त्यामागे राजकारण येते, नेमणुकीसाठी वशिले लागतात, आणि ज्या कामाला गावातली सगळ्यात जाणती बाई पुढे येत असे तिथे सगळ्यात वजनदार घरातली बाई येते. हे मी बचत गटांत होताना पाहिले आहे. आठवड्याला थोडे थोडे टाकून सुरू झालेला, एकमेकींच्या अडीनडीला धावणारा गट, बाहेरून मोठे कर्ज आल्यावर दोनच वर्षांत हप्तेवसुलीच्या कचेरीसारखा झाला, आणि ज्या दोघी एका ताटात जेवायच्या त्यांनी एकमेकींच्या अंगणातून जाणे सोडले. पण यातून निघणारा निष्कर्ष असा की नेमणूक गावासमोर, महिला सभेत व्हावी आणि ती सभा खरोखर भरावी, नाहीतर दुपारी रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या गोळा होतात तशी नको. बाईला फुकट राबवल्याने वशिलेबाजी थांबते, असा निष्कर्ष यातून निघत नाही. पुरुषांच्या पगारी नेमणुकांतही वशिले असतात आणि म्हणून त्यांचे पगार बंद करा असे कुणी सुचवलेले मी तरी ऐकलेले नाही.

मोबदल्याचा प्रश्न इथवर. त्याहून खोल प्रश्न जमिनीचा आहे, कारण उद्या तिला गावकीच्या प्रत्येक कामाचे पैसे मिळाले तरी शेतात ती 'मदत करणारी'च राहील.

आमच्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात. त्या दिवसांची हलाखी त्या सांगतात तेव्हा त्यात एक विचित्र अभिमान असतो, आणि तो कशाचा हे समजायला मला बरीच वर्षे लागली. हजेरीपटावर त्यांचे नाव होते. अमक्याची बायको, तमक्याची सून असे नव्हे, मजूर म्हणून स्वतःचे नाव, आणि फोडलेल्या खडीच्या मापाने जितके पैसे गड्याला तितकेच त्यांना. पुढे या कामांतून रोजगार हमीचा कायदा झाला, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. माझ्या सासूबाईंच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच होता की आयुष्यात एकदा सरकारने त्यांना कामकरी म्हटले, आणि तेही रानात काही पिकले नाही तेव्हा. पाऊस झाला, शेत हिरवे झाले आणि त्या पुन्हा 'घरीच' असू लागल्या.

शेताच्या कागदावर बाईचे नाव येते ते बहुधा नवरा गेल्यावर. हिंदू वारसा कायद्याने विधवेला वाटा आहे, मुलींना महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलार्जित मालमत्तेत मुलग्यांच्या बरोबरीने हक्क दिला. पण नवरा जिवंत असताना त्याच्या जमिनीत बायकोला कायद्याने आपोआप काही मिळत नाही. चाळीस वर्षे एका रानात घाम गाळलेली बाई शेतकरी होते ती कपाळाचे कुंकू पुसल्यावर, आणि माहेरचा वाटा मागायला गेली तर भावाचे दार बंद होते, म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांपैकी बाया सुमारे १४ टक्के होत्या. रानात सकाळी सात वाजता उभे राहून मोजले तर हा आकडा कोणालाही खरा वाटणार नाही.

नाव नसल्याने काय अडते, असे विचारणाऱ्यांनी सोसायटीत जाऊन पाहावे. पीककर्ज खातेदाराला, सोसायटीचे सभासदत्व खातेदाराला, सभासदाला मत, आणि त्या मतावर तालुक्याचे सगळे राजकारण. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ऊस तोलून झाल्यावर निघणाऱ्या पावतीवर नाव खातेदाराचे असते. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये जमीनधारकाला. २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे, आणि तो सातबाऱ्याला जोडलेला आहे. म्हणजे पूर्वी निदान तोंडओळखीवर एखाद्या बाईचा अर्ज कुणी भला अधिकारी घेत असे, ती फटही आता संगणकाने बुजवली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला, माढा, करमाळा, मोहोळकडची राने पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर एका वस्तीवर पंचनामा चालू असताना मी तिथे होते. कोणत्या पट्टीत तूर होती, कोणत्या पट्टीत कांद्याचे रोप, पाणी किती दिवस साचून राहिले, विहिरीत किती गाळ आला, ही सगळी माहिती तिथली बाई देत होती, कारण नवरा पुण्याला कंपनीत कामाला असतो. शेवटी विचारले गेले, "मालक कुठायत? त्यांचा नंबर द्या."

अपघात सानुग्रह अनुदानाच्या योजनेची भाषा मला याहून बोलकी वाटते. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर कुटुंबाला २ लाख रुपये देणारी ही योजना आधी फक्त खातेदारासाठी होती. पुढे ती वाढवली, हे चांगलेच झाले. आता खातेदाराखेरीज 'खातेदार म्हणून नोंद नसलेला कुटुंबातील कोणताही एक सदस्य' तिच्यात येतो. आई, वडील, जोडीदार, मुलगा, अविवाहित मुलगी, यांपैकी कोणताही एक. विळा-खुरपे हातात धरून जन्म काढलेली बाई शासकीय कागदावर शिरते ती या 'कोणताही एक'च्या रांगेत, आणि तेही साप चावून किंवा वीज पडून मेल्यावर. न्यायालयेही गृहिणीच्या श्रमाचे मोल रुपयांत मांडतात ते मोटार अपघाताच्या दाव्यांत. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका दाव्यात गृहिणीच्या कामाला मोल आहे आणि ते धरलेच पाहिजे, असे विस्ताराने सांगितले. पण दावा दाखल झाला तेव्हा ती गृहिणी हयात नव्हती.

वाट नाही असे मात्र नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले आणि त्यानंतर 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. नवऱ्याने हयातीत, आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करावी, असे तिचे सांगणे होते. तिचा धागा धरून राज्य शासनाने १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्ती योजना आणली. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज करायचा आणि सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावून घ्यायचे. तीस वर्षे उलटून गेली. ज्या नवऱ्यांना मी याबद्दल विचारले त्यांतल्या बहुतेकांनी ही योजना ऐकलेलीही नव्हती, आणि ज्यांनी ऐकली होती त्यांचा पहिला प्रश्न एकच होता: "त्यानं जमिनीचं तुकडं न्हाय का होणार?" सहहिस्सेदार म्हणून नाव लागल्याने रानाचे तुकडे होत नाहीत. रानाचे तुकडे मुलगे करतात, आणि त्यांना आपण कधी हा प्रश्न विचारत नाही. केंद्राच्या २००७ च्या शेतकरी धोरणाने तर शेतकरी या शब्दाचा अर्थ जमीनमालकापुरता न ठेवता कूळ, वाटेकरी, मजूर इथपर्यंत नेला होता. एम. एस. स्वामिनाथन यांनी पुढे महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचे खासगी विधेयक राज्यसभेत मांडले. त्यात मालकी असो-नसो, शेती करणाऱ्या बाईला तसा दाखला देण्याची कल्पना होती. ते मंजूर न होताच बारगळले.

नाव लागल्याने अधिकार येतोच असे नाही, हेही मला ठाऊक आहे. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायांना आहेत आणि सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी त्यांच्या यजमानांची खुर्ची असते, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मी त्यावर पूर्वी पुष्कळ हसले. आता हसत नाही, कारण याच गावांत पहिल्या खेपेला पदराआडून सही करणारी बाई दुसऱ्या खेपेला ग्रामसेवकाला खर्चाच्या पावत्या मागताना मी पाहिली आहे. नाव आधी लागते, आवाज नंतर फुटतो. उलट क्रमाने झालेले मला एकही उदाहरण आठवत नाही. म्हणून माझे मागणे असे की, लक्ष्मीमुक्तीचा अर्ज नवऱ्याच्या मर्जीवर न सोडता, जमिनीचा कोणताही फेरफार नोंदवताना खातेदाराला हा पर्याय वाचून दाखवणे बंधनकारक करावे. शेतकरी ओळख क्रमांक देताना घरात प्रत्यक्ष शेती करणाऱ्या बाईचा वेगळा क्रमांक, मालकी असो वा नसो, ग्रामसभेच्या दाखल्यावर द्यावा. आणि शासनाने ठरवून दिलेले कोणतेही काम गावातल्या बाईला दिले तर त्या दिवसाचा किमान रोज द्यावा. यातल्या शेवटच्या गोष्टीला पैसे लागतील. पहिल्या दोहोंना फारसे लागत नाहीत, तरी अवघड त्याच आहेत.

फेब्रुवारी २०२७ येईल तेव्हा मी निवृत्त असेन आणि माझ्या जागी कोणीतरी तरुण शिक्षक मोबाइलवर नोंदी करत फिरत असेल. त्याने निदान आमच्या गावात दुपारी साडेबाराला यावे आणि दारात न थांबता सरळ रानाची वाट धरावी. त्या वेळेला बाया लिंबाखाली शिदोऱ्या सोडतात, पंधरा-वीस जणी एका जागी सापडतात आणि फडक्यातली भाकरी पुढे केल्याशिवाय बोलू देत नाहीत. ओट्यावर सांगितली जाणारी 'घरकाम'वाली सगळी नावे तिथे असतील. आमच्या जाऊबाईही तिथेच असतील. त्यांना 'काम काय करता' असे विचारल्यावर त्या आधी हसतील, तेव्हा घाई न करता थोडे थांबावे.